सैंधव, सामुद्र आणि पादेलोण : स्वयंपाकघरातील मिठाचा विवेक

(व्याख्यानाचा मजकूर)



शब्दाचा अर्थ प्रसंगावरून कसा ठरतो, हे समजावताना संस्कृतचे पंडित ‘सैंधव’ या शब्दाचे उदाहरण देत आले आहेत. सैंधव म्हणजे सिंधू नदीच्या प्रदेशातील. त्या प्रदेशातून दोन नामांकित वस्तू येत, एक मीठ आणि दुसरा घोडा. म्हणून सैंधव या एकाच शब्दाने दोहोंचाही बोध होऊ लागला. धनी पानावर बसलेला असताना त्याने सैंधव मागितले तर सेवकाने मीठ आणावे, आणि तो प्रवासाला निघालेला असताना मागितले तर घोडा आणावा. ज्याला प्रसंग कळत नाही, तो जेवणाऱ्यापुढे घोडा उभा करील.

ज्या गावाच्या नावातच घोडा आहे, त्या घोडेगावात या उदाहरणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु त्यामागे एक गंभीर कारणही आहे. आज किराणा दुकानाच्या फळीवर मिठाचे अनेक प्रकार मांडलेले असतात. आयोडीनयुक्त बारीक मीठ, खडे मीठ, गुलाबी सैंधव, पादेलोण, आणि सोडियम कमी असलेले मीठ. गृहिणी विचारते, यांतील चांगले कोणते? दुकानदार एक सांगतो, शेजारीण दुसरे सांगते, आणि भ्रमणध्वनीवर आलेला संदेश तिसरेच सांगतो. प्रसंग न पाहता दिलेले उत्तर हे जेवणाऱ्यापुढे उभ्या केलेल्या घोड्यासारखेच असते.

कोणत्याही वस्तूचा विचार द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव या चार अंगांनी करावा, अशी जैन परंपरेची शिकवण आहे. मिठाची तुलनाही याच क्रमाने केली, तर पुष्कळ गोंधळ दूर होतो.

द्रव्य

रसायनशास्त्राच्या दृष्टीने स्वयंपाकाचे प्रत्येक मीठ मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. पाकिटातील शुद्ध केलेल्या मिठात त्याचे प्रमाण ९९ टक्क्यांच्या आसपास असते. सैंधवात व धुतलेल्या समुद्री मिठात ते साधारणपणे ९५ ते ९९ टक्क्यांच्या दरम्यान असते. उरलेल्या भागात ओलावा, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट व अल्प प्रमाणात इतर क्षार असतात. मिठाच्या वजनात सोडियमचा वाटा सुमारे ३९ टक्के असतो. म्हणजे ५ ग्रॅम मीठ घेतले की सुमारे २ ग्रॅम सोडियम पोटात गेले. ते मीठ पांढरे असो, गुलाबी असो वा काळे.

मग रंग व चव भिन्न का? सैंधव, ज्याला जुन्या मराठीत शेंदेलोण म्हणत, ते प्राचीन समुद्र आटून जमिनीत दबलेले खनिज मीठ आहे. त्याचा गुलाबी रंग लोहाच्या अल्पांशामुळे येतो. पादेलोण म्हणजे काळे मीठ. ते खनिज मिठात हिरडा, आवळा यांसारखी द्रव्ये घालून भट्टीत तापवून तयार करतात. या क्रियेत गंधकाची संयुगे निर्माण होतात. ताकात पादेलोण टाकताच येणारा विशिष्ट वास त्यांचाच. खडे मिठात मॅग्नेशियमचे क्षार शिल्लक राहिले, तर ते हवेतील ओलावा ओढून घेतात. म्हणून पावसाळ्यात बरणीतील मिठाला पाणी सुटते. बारीक मीठ मोकळे राहावे यासाठी त्यात गुठळी न होऊ देणारे द्रव्य अत्यल्प मिसळलेले असते. त्यांपैकी पोटॅशियम फेरोसायनाइड या नावाने अनेकांना धास्ती वाटते. परंतु त्यातील सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेले असते, आणि कायद्याने परवानगी दिलेले प्रमाण किलोमागे काही मिलिग्रॅम इतकेच आहे. या नावाला भिऊन मीठ बदलण्याचे कारण नाही.

गुलाबी मिठात ८४ खनिजे असतात, असे जाहिराती सांगतात. येथे व्यापाऱ्याची नजर उपयोगी पडते. वस्तू आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. ती किती आहे, हे विचारावे लागते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तेथील बाजारातल्या गुलाबी मिठाचे ३१ नमुने तपासून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातील खनिजांचा शरीराला काही उपयोग व्हायचा, तर रोज ३० ग्रॅमहून अधिक मीठ खावे लागेल, असे त्यांना आढळले. एवढे मीठ रोज खाणारा माणूस खनिजे मिळवण्यापूर्वीच प्रकृती गमावून बसेल. एका नमुन्यात तर शिशाचे प्रमाण मर्यादेबाहेर निघाले. लोहासाठी बाजरी, तीळ, पालेभाज्या आहेत; मिठाकडून ती अपेक्षा ठेवू नये.

समुद्री मीठही दोषमुक्त नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांना २०१८ मध्ये भारतीय समुद्री मिठात प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण आढळले. मात्र मीठ पिकवण्यापूर्वी समुद्राचे पाणी साध्या वाळूच्या थरातून गाळले, तर वजनाने ८५ टक्क्यांहून अधिक कण दूर होऊ शकतात, हेही त्यांनीच दाखवले.

चवीच्या बाबतीत एक भ्रम वारंवार होतो. ‘खडे मीठ कमी खारट असते,’ असे म्हणतात. वस्तुतः चमचाभर खड्यांत खड्यांमधील पोकळी अधिक असते, म्हणून चमच्यात मीठच कमी मावते. तराजूवर समान वजन घेतले तर खारटपणात फारसा फरक उरत नाही. माप आणि वजन यांतील भेद बाजारपेठेतल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही.

क्षेत्र

आता हे मीठ कोठून येते, ते पाहू. देशातील मिठाचा फार मोठा भाग गुजरात पुरवतो. कच्छच्या छोट्या रणात खाराघोड्याच्या परिसरात अगरिया लोक जमिनीखालचे खारे पाणी उपसून वाफ्यांत आटवतात. राजस्थानातील सांभर सरोवराचे मीठ तर प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात पालघर, ठाणे, मुंबई, उरण, पेण या पट्ट्यात मिठागरे होती. काही शहरांच्या वाढीत गेली, काही अजून चालू आहेत. भरतीचे पाणी घ्यायचे, ते उथळ कोंड्यांमधून फिरवत घट्ट करायचे आणि उन्हाच्या महिन्यांत मीठ ओढायचे, अशी ही शेती आहे. सिंधुदुर्गातील शिरोडे येथे मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, तो अशाच मिठागरांवर. गरिबाच्या मीठभाकरीवर कर नको, हा त्यामागचा साधा आग्रह होता.

घाटमाथ्यावरच्या गावांना हे मीठ सहज मिळत नसे. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून घाट चढत आणि परतीला धान्य नेत. लमाण हे नावच ‘लवण’ शब्दापासून आले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. आज बैलांच्या जागी मालमोटार आली. परंतु घोडेगाव समुद्रापासून दूर आहे, हे भूगोलाचे सत्य बदललेले नाही.

सैंधवाचे क्षेत्र आणखी दूरचे. त्याची सर्वांत मोठी खाण खेवडा येथे, पंजाबच्या पाकिस्तानातील भागात आहे. फाळणीनंतरही उपवासाचे मीठ बहुतांशी तेथूनच येत असे. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क लावले, आणि मे २०२५ पासून तेथील सर्व मालाच्या आयातीवर बंदी आली. भारतात हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात द्रंग व गुम्मा येथे खनिज मिठाच्या खाणी आहेत. पण ते मीठ काळपट दिसते. म्हणून गुलाबी रंगाचे मीठ घेताना त्याचे मूळ ठिकाण पाकिटावर वाचून घेणे, हा ग्राहकाचा हक्कही आहे आणि शहाणपणही.

क्षेत्राचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. मीठ कोठून येते याबरोबरच ते खाणारा कोठे राहतो, हेही पाहिले पाहिजे. शतकानुशतकांच्या पावसाने जमिनीतील आयोडीन धुऊन गेले, की तेथील धान्यात व भाजीत ते कमी उतरते. त्याची उणीव झाली की गळ्यातील थायरॉइड ग्रंथी वाढते; त्यालाच गलगंड म्हणतात. त्याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. गर्भावस्थेत आईला आयोडीन कमी पडले, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ती पुढे भरून निघत नाही. हा रोग केवळ हिमालयाच्या पायथ्याचा, अशी समजूत होती. परंतु घोडेगावावरून जाणारा महामार्ग ज्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पोहोचतो, त्या जिल्ह्यातही गलगंडाची नोंद झालेली आहे.

या रोगावरचा उपाय मिठातून सापडला. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी एक दीर्घ प्रयोग केला. पुढे त्यांच्या सहकाऱ्यांत डॉ. देव, डॉ. करमरकर अशी महाराष्ट्रीय नावेही दिसतात. खोऱ्याचे तीन विभाग केले. दोहोंना आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्याला साधे. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांत गलगंड लक्षणीय घटला. तिसऱ्यात तो तसाच राहिला. मग तिसऱ्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ दिले, तेव्हा तेथेही तो ओसरला. याच अनुभवाच्या आधारे १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीनविरहित मिठाची थेट खाण्यासाठी विक्री करण्यावर १९९८ मध्ये देशव्यापी बंदी आली, २००० मध्ये ती उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. समुद्राचे मीठ म्हणजे त्यात आयोडीन असणारच, असे अनेकांना वाटते. तसे नाही. मीठ पिकताना व साठवताना मूळचे आयोडीन नगण्य उरते. साधे समुद्री मीठ, सैंधव आणि पादेलोण, तिन्हीत उपयुक्त प्रमाणात आयोडीन नसते. ते वेगळे मिसळावे लागते, आणि पाकिटावर तसा स्पष्ट उल्लेख असावा लागतो.

काळ

काळ म्हणजे प्रसंग. धर्माचरणात मिठाचे भेद फार पूर्वीच सूक्ष्मपणे नोंदले गेले आहेत. दशवैकालिक सूत्राच्या तिसऱ्या अध्ययनात साधूंनी न घेण्याच्या वस्तूंची यादी आहे. तीत सौवर्चल, सैंधव, रोमक, सामुद्र, पांशुक्षार आणि काळे लवण हे प्रकार वेगवेगळे नोंदले असून, ते कच्च्या म्हणजे सचित्त अवस्थेत अग्राह्य मानले आहेत. मीठ हे पृथ्वीकाय. अग्नीचा संस्कार झाल्यावर ते अचित्त होते, हा त्यामागचा विचार. आजच्या दुकानातील निम्मी फळी त्या यादीत सापडते. यादी करणाऱ्यांनी एखाद्या मिठाला श्रेष्ठ ठरवून इतरांना कनिष्ठ म्हटले नाही. त्यांनी अवस्था पाहिली आणि घेणारा पाहिला.

बाह्य तपांत रसपरित्याग सांगितला आहे. चैत्र व आश्विनातील आयंबिलाच्या ओळीत काही घरांत नऊ दिवस पूर्ण अळणी अन्न घेतात. काही परंपरांत सैंधव व काळी मिरी चालते. अळणी हा शब्दच मुळी ‘अलवण’ यापासून आला. नऊ दिवस आयोडीनयुक्त मीठ न घेतल्याने निरोगी माणसाच्या शरीरात उणीव होत नाही, कारण थायरॉइड ग्रंथीत काही आठवड्यांचा साठा असतो. तेव्हा तपाच्या प्रसंगी परंपरेप्रमाणे वागण्यास आरोग्यशास्त्राचा विरोध नाही. प्रश्न आहे तो उपवासाचे मीठ बारमाही झाल्याचा.

आयुर्वेदाचा दाखला देऊन ते बारमाही केले जाते. चरकसंहितेत लवणांमध्ये सैंधव श्रेष्ठ म्हटले आहे, हे खरेच. परंतु त्याच संहितेच्या विमानस्थानात पिंपळी, क्षार आणि लवण या तीन वस्तूंचा अतिरेक करू नये, असेही सांगितले आहे. मिठाच्या अतिरेकाचे उदाहरण म्हणून बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधू व सौवीर या देशांतील लोकांचा निर्देश आहे. ते दुधाबरोबरही मीठ खातात, अशी तक्रार तेथे आहे. ज्या सिंधू देशावरून सैंधव हे नाव पडले, तेथील लोकांनाच ग्रंथकार मिठाच्या अतिरेकासाठी दोष देतो. श्रेष्ठ मीठही बेताने खायचे असते, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता? ग्रंथाचे अर्धे वचन घेऊन अर्धे सोडणे, हे हिशेबाच्या वहीतील फक्त जमेची बाजू वाचण्यासारखे आहे.

काळाच्या विचारात वयही येते. एक घर डोळ्यांपुढे आणावे. आजोबांना रक्तदाब, आजींना मूत्रपिंडाचा विकार, सून गरोदर, नातू शाळकरी. ‘गुलाबी मिठाने रक्तदाब वाढत नाही,’ असे कोणी सांगितले, आणि संपूर्ण स्वयंपाक सैंधवात होऊ लागला. आजोबांचा सोडियम तिळमात्र कमी झाला नाही. उलट ‘हे मीठ बाधत नाही’ या विश्वासाने हात सैल झाला. सून व नातू यांचे आयोडीन मात्र बंद झाले. दुसऱ्या कोणी सोडियम कमी असलेले मीठ आणले, तर त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असते. चीनच्या ग्रामीण भागात ६०० गावांत झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये प्रौढांसाठी अशा मिठाची शिफारस केली. परंतु मूत्रपिंड दुर्बल असलेल्यांना, गरोदर स्त्रियांना व मुलांना ती लागू नाही. म्हणजे आजोबांचे औषध आजींना अपाय करू शकते. एकाच घरात, एकाच पातेल्यात ही गुंतागुंत आहे. यासाठी पोटॅशियमयुक्त मीठ वैद्यकीय सल्ल्याविना घरात आणू नये.

भाव

भाव या शब्दाचा शास्त्रातील अर्थ गुण व परिणाम. बाजारातील अर्थ किंमत. मिठाच्या बाबतीत दोन्ही पाहणे इष्ट. गुलाबी सैंधव साध्या आयोडीनयुक्त मिठाच्या दुप्पट-चौपट भावाने मिळते. त्या जास्तीच्या पैशात रंग मिळतो, सौम्य चव मिळते, प्रसंगी व्रताची सोय होते. रक्तदाबापासून संरक्षण मिळत नाही. कापड घेताना शहाणा ग्राहक वेष्टन बाजूला करून पोत पाहतो. मिठाचे पाकीट घेतानाही दर्शनी बाजूपेक्षा मागील बाजू वाचावी. तेथे आयोडीनचा उल्लेख आहे का, तारीख कोणती, मीठ कोठले, एवढे तीन तपशील पुरेसे आहेत.

आता थोडे गणित. प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतीय माणूस ८ ते ११ ग्रॅम खातो, असे निरनिराळ्या अभ्यासांत आढळले आहे. पाच प्रौढांच्या घरात दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे एक किलोचे पाकीट निदान ४० दिवस पुरले पाहिजे. तेही लोणचे, पापड, शेव, फरसाण यांतून बाहेरचे मीठ पोटात जात नसेल तर! पापडखार आणि खाण्याचा सोडा हेही सोडियमचेच क्षार आहेत, हे विसरू नये.

आयोडीनचा हिशेब असा. किरकोळ विक्रीच्या टप्प्यावर मिठात किमान १५ भाग प्रति दशलक्ष आयोडीन असावे, असा नियम आहे. म्हणजे एका ग्रॅममध्ये १५ मायक्रोग्रॅम, आणि ५ ग्रॅममध्ये ७५. प्रौढाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, गरोदर स्त्रीची २५०. दूध व धान्य यांतून काही भर पडते. तेव्हा किमान प्रमाणाचे मीठसुद्धा निम्मी गरज भागवते. आयोडीनविरहित मीठ जवळपास काहीच भागवत नाही. मीठ वाढवून आयोडीन वाढवावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. जे थोडे मीठ खायचे, ते आयोडीनयुक्त असावे, एवढाच अर्थ. गरोदर स्त्रीने तर याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

ओल, ऊन व उष्णता यांनी आयोडीन कमी होते. म्हणून मिठाची बरणी झाकणाची असावी, चुलीपासून दूर असावी, आणि शक्य तेथे मीठ स्वयंपाकाच्या शेवटी घालावे.

चारही अंगांनी विचार केल्यावर ‘चांगले मीठ कोणते?’ या प्रश्नाचे एकांगी उत्तर उरत नाही. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठ. व्रताला, परंपरेप्रमाणे, सैंधव. ताकाला व कोशिंबिरीला चिमूटभर पादेलोण. लोणच्याला व गोठ्यातील जनावरांना खडे मीठ. प्रत्येकाचे स्थान आहे, आणि ते आपापल्या स्थानी शोभते. एक नियम मात्र सर्व प्रकारांना सारखाच लागू आहे. तो म्हणजे प्रमाणाचा. परिग्रहाला मर्यादा घालावी, हे ज्या समाजाला बालपणापासून शिकवले जाते, त्या समाजाला मिठाची मर्यादा जड जाऊ नये.

त्यासाठी मोठा संकल्प नको. मिठाचे नवे पाकीट फोडले, की त्या दिवसाची तारीख किराणाच्या वहीत लिहावी. पुढचे पाकीट फोडताना मधले दिवस मोजावेत. पाच माणसांच्या घरात ते चाळीस भरले नाहीत, तर मीठ कोठे जास्त पडते, ते शोधावे. पानात वाढलेले जादा मीठ, ताटाशेजारची दुसरी पापडाची घडी, मुलांच्या हातातील फरसाणाची पुडी, यांपैकी काहीतरी सापडेलच. ‘खाल्ल्या मिठाला जागावे’ असे जुनी माणसे सांगत. खाण्यापूर्वीही थोडे जागे राहिले, तर घरातील वृद्धांचे हृदय आणि अद्याप न जन्मलेल्या बाळाची बुद्धी, दोन्ही सांभाळली जातील.